नानासाहेब टायरमध्ये

ऐंशीच्या दशकात घाटकोपरला मला खेळण्याचा पगार मिळत असे.

एका संस्थेचं खेळघर होतं. शाळा सुटली की पाच ते दहा वर्षांची मुलं तिथे यायची. मी त्यांच्यापुढे जुने टायर, दोऱ्या, फळ्या, रिकामी खोकी मांडायचो आणि बाजूला उभा राहायचो. काय खेळायचं ते मुलं ठरवणार, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. (डोकं फुटायची वेळ आली तर पडायचं. तेवढी अक्कल मला होती!) त्याच इमारतीत वरच्या हॉलमध्ये माझी मोठी बहीण सुधाताई युवक मंडळ चालवायची. तिथे मिसरूड फुटलेली पोरं. ती त्यांच्याशी गप्पा मारायची, त्यांना बोलतं करायची, नोकरीच्या अर्जापासून घरच्या भांडणापर्यंत सगळ्यात बरोबर राहायची.

एका रविवारी संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब आमच्या घरी चहाला आले. सफारी सूट, हातात छत्री, निवृत्त इंजिनिअर.

"तुमच्या दोघांच्या कामात नक्की फरक काय हो?" त्यांनी विचारलं.

ताई उत्तर जुळवत होती. तेवढ्यात मी म्हणालो, "फरक कसला? दोन्हीकडे पोरं आपल्या मर्जीने येतात, कंटाळली की जातात. दोघांनाही छडी वर्ज्य. ताईचं काम मी डोळे मिटून करीन!"

"अस्सं?" नानासाहेबांनी कप खाली ठेवला. "मग शनिवारी अदलाबदल करा. मी बघायला येतो. ज्याला दोन्ही जमेल तो राहील. एकच माणूस पुरे."

ते जिना उतरले आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अरे मेल्या, तुका कोणी सांगितल्यान बोलाक?"

"वाट लावलीस ना!" ताई म्हणाली. "आता एकाची नोकरी जाणार."

"तुझी जाईल," मी म्हणालो. भीती मात्र मला माझ्याच नोकरीची होती. नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि खरं सांगायचं तर मला ती नोकरी जिवापाड आवडत होती.

शनिवारी दोन्हीकडची पोरं चारलाच बोलावली. मी सगळे टायर आणि दोऱ्या वर हॉलमध्ये चढवल्या, मधोमध ओतल्या आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. पंधरा दांडगट पोरं माझ्याकडे बघत राहिली.

"दादा, याचं काय करायचं?"

"तुम्हाला वाटेल ते."

"खरंच?"

"खरंच. मी मध्ये पडणार नाही."

पाच मिनिटं कोणी हललं नाही. मग एकाने टायर लाथेने ढकलला, दुसऱ्याने अडवला आणि बघता बघता हॉलचा किल्ला झाला! बाकं आडवी, कपाट मध्ये ओढलेलं, टायरचे बुरूज. मी मनात म्हटलं, झकास! जमलं की!

एकटा राजू खेळत नव्हता. अठरा वर्षांचा, मंडळाचा म्होरक्या. तो माझ्याजवळ आला.

"दादा, सोमवारी मरोळच्या कारखान्यात इंटरव्ह्यू आहे. जाऊ की नको?"

"तुला वाटेल ते कर."

"तेच तर कळत नाही ना यार! बाबा म्हणतात गॅरेजवरच राहा."

माझ्या कामात मूल अडलं की आधी थांबायचं, त्याला वाट शोधू द्यायची. म्हणून मी प्रेमाने हसलो आणि दोन पावलं मागे सरकलो. राजू माझ्याकडे बघतच राहिला. मग तोही किल्ल्यात शिरला. त्याचा तो चेहरा आठवला की मला आजही लाज वाटते.

आणि दार उघडून नानासाहेब आत आले.

"शत्रू! पकडा!"

पोरांनी त्यांना याआधी कधी पाहिलंच नव्हतं. मिनिटभरात नानासाहेब बुरुजात उभे! पायापासून छातीपर्यंत टायर, वर सफारीची कॉलर आणि छत्रीची मूठ.

"अहो, बघताय काय? सांगा ना यांना!"

"माफ करा नानासाहेब," मी अगदी नम्रपणे म्हणालो, "पण खेळात मोठ्यांनी मध्ये पडायचं नसतं."

"मी खेळत नाहीये!!"

तेवढ्यात जिन्यावरून रडण्याचा कल्लोळ वर आला. पुढे ताई, मागे माझी एकोणीस बाळं. ताईने खाली त्यांना गोल बसवलं होतं, प्रत्येकाला आपली अडचण मांडायला सांगितलं होतं (सात जणांना एकाच वेळी शू लागली) आणि मग अध्यक्ष निवडायला सांगितलं होतं. एकोणीसच्या एकोणीस जण निवडून आले!

"तुझी पोरं तू सांभाळ रे बाबा!" ताई हाशहुश करत म्हणाली. "एक मिनिट बसत नाहीत!"

बाळांना टायर दिसले आणि रडणं जागच्या जागी थांबलं. त्यांना बोट करायची होती. त्यासाठी त्यांनी नानासाहेबांभोवतीचे टायर एकेक करून उचलून नेले. मी फक्त डळमळणारं कपाट धरून उभा राहिलो. नानासाहेब मोकळे झाले ते असे. ताई तोवर राजूशेजारी जिन्यात बसली होती. काय बोलली कोण जाणे, पण राजू तिला आपली भीती सांगत होता आणि ती ऐकत होती. सोमवारी तो मरोळला गेला.

नानासाहेबांनी सफारी झटकली. बराच वेळ ते कधी बोटीकडे तर कधी जिन्याकडे बघत राहिले.

"दोन माणसं लागतील," शेवटी ते म्हणाले. मी सुटकेचा नि:श्वास टाकला. "तुमचं वय काय हो?"

"चोवीस."

"सुधाताई, तुमच्या मंडळात किती वर्षांपर्यंत घेता?"

"पंचवीस."

"मग यांचंही नाव घाला. यांना वळणाची गरज आहे."

पुढचं वर्षभर मी चार वाजता खेळघराचा दादा असायचो आणि सहा वाजता ताईच्या मंडळातला सर्वात उनाड मुलगा. वर्ष संपलं तेव्हा ताईने वहीत सगळ्या पोरांपुढे शेरे लिहिले. राजूपुढे होतं, "आता याला माझी गरज नाही." माझ्यापुढे होतं, "आणखी एक वर्ष ठेवावे."