तुफानसाहेब आणि पेढीतलं देणं

सन अठराशे चौसष्ट. पौष महिना, संक्रांत नुकतीच झालेली. त्या आठवड्यात तुफानसाहेब अमरावतीच्या कापूसबाजारात उतरला आणि पुढल्या पावणेदोन वर्षांत आमच्या आवारात किस्स्यांची गंजी लागली. कापूस आला तसा गेला. भाव चढला तसा उतरला. किस्से तेवढे उरले. चार जण बसले की कोणीतरी म्हणतोच, "सोनाजीभाऊ, ते साहेबाचं सांगा." आणि दर वेळी मागचा न सांगितलेला एखादा आठवतो. बोलून संपत नाहीत, म्हणून लिहून टाकतो.

एक आधीच सांगतो. मी कोणाचं देणं ठेवत नाही. जन्मात एकच राहिलं, ते या साहेबाचं. पैशाचं नव्हतं. पैशाचं असतं तर दुसऱ्या दिवशी फेडलं असतं.

साहेब एका विलायती कंपनीचा. कापूस घ्यायचा, लाकडी पेचात दाबून गाठी बांधायच्या, गाड्यांनी मुंबईकडे पाठवायच्या, हे त्याचं काम. मी पेच फिरवणाऱ्या बारा गड्यांचा मुकादम. साहेब मूळचा दर्यावरचा माणूस. विलायतेच्या पार उत्तरेला, बर्फाळ किनाऱ्यावर त्याचं गाव. त्याचं नाव आमच्या जिभेला पेललं नाही. दर दोन वाक्यांनी त्याच्या तोंडी तुफान यायचं, म्हणून तुफानसाहेब.

* * *

पहिल्याच सकाळी आम्ही घोंगड्या पांघरून शेकोटीभोवती बसलो होतो. दात वाजत होते. साहेब नुसत्या सदऱ्यावर बाहेर आला, छाती भरून हवा घेतली आणि मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "तुमचा उन्हाळा चांगला आहे!"

मग त्याने आपल्या किनाऱ्याचं सांगितलं. उत्तरेचा वारा सुटला की लाट नावेवर येते आणि आल्या जागी गोठते. दोर मांडीएवढे जाड होतात. दाढीत बर्फाच्या सुया. सगळ्यांनी लाकडी हातोडे घेऊन नाव ठोकायची, बर्फ पाडायचा. नाही पाडला, तर त्या वजनाने नाव पालथी!

पेचाची दुरुस्ती करीम मिस्त्रीकडे असे. त्याने विचारलं, "मतलब, नाव थंडीने बुडते?"

"हो."

रुईतला कचरा वेचणाऱ्या बायांत भागीरथाबाई होती. तिच्या तोंडाला मुकादमसुद्धा भीत. ती म्हणाली, "मंग तिथं राह्यता काऊन, बाप्पा?"

"मासे आहेत."

"इतक्या थंड पाण्यात राह्यते, त मासेबी येडेच म्हना!"

* * *

त्याच्या दाराशी भिंतीवर एक पितळी डबी टांगलेली असे. वर काच, आत काटा. बॅरोमीटर. रोज सकाळी चहाच्या आधी साहेब तिला टिचकी मारी आणि काटा पाही. त्याच्या गावात असला एक धक्क्यावर लावलेला होता म्हणे. काटा उतरला की तुफान येणार. मग बायका दारात आडव्या बसत, नवऱ्याला नावेवर जाऊ देत नसत.

एका गड्याने विचारलं, "अन् ज्याले बायको नसन?"

साहेब म्हणाला, "तो बुडते."

फाल्गुनात एके सकाळी काटा उतरला. आभाळ कोरडं ठणठणीत. साहेबाने सगळं काम थांबवलं आणि गाठींवर तट्टे टाकून दोरांनी आवळायला लावलं. गाठी कशा, नावच बांधतो आहे असा बांधला त्याने ढीग! सगळा बाजार पोट धरून हसला.

तिसऱ्या प्रहरी वारा सुटला. मागून गारा. बाजारातली उघडी रुई उडाली ती कोसभर बाभळींवर जाऊन बसली. आमच्या गाठीचा एक पदर हलला नाही.

दुसऱ्या दिवशी बॅरोमीटरला हळदकुंकू आणि झेंडूची माळ! साहेबाने माळ राहू दिली. पण एक गडी नारळ घेऊन आला आणि त्या भिंतीवर फोडायला हात उचलला, तेव्हा साहेब दोन्ही हात पसरून आडवा झाला.

"फूल चालते बे! नारळ नाई चालत!"

* * *

तोवर साहेब मराठी बोलू लागला होता. शिकला आमच्या गड्यांकडून, त्यामुळे वऱ्हाडीच शिकला. एकदा पुण्याकडचा एक कारकून सरकारी तपासणीला आला. साहेबाने त्याला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "काऊन आला बे?" कारकुनाच्या हातातली दौत सांडली.

पुढे बोलणं समुद्रावर गेलं. कारकून म्हणाला, "समुद्राचं आम्हांला नवल नाही. कोकणात पाहिला आहे आम्ही."

"आत गेल्ते?"

"आत कशाला? काठावरून पाहिला."

"मंग तुमी समुद्र नाई पाह्यला," साहेब म्हणाला. "वाळू पाह्यली."

* * *

आता माझ्या देण्याचं.

त्याच साली आषाढात मी नवी बैलजोडी घेऊन चांदूर बाजारला चाललो होतो. निघताना साहेब म्हणाला होता, "काटा उतरला. आज नदीत नको जाऊ." मी म्हणालो, "पेढी नदी मला लहानपणापासून ओळखते." वलगावाजवळ पाण्यात उतरलो. मध्यावर लोंढा आला आणि पेढीने ओळख दाखवली नाही.

बैल पोहून काठाला लागले. त्यांना माझ्यापेक्षा अक्कल जास्त. मी वाहत गेलो. दोनदा खाली गेलो. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा दोराचा फास येऊन काखेत बसला. काठावर साहेब! काट्याकडे पाहून त्याला राहवलं नाही, घोडं काढून मागे आला होता.

पोटातलं पाणी ओकून झाल्यावर मी पहिलं वाक्य बोललो, "साहेब, तुमचं काय देणं झालं?"

साहेब चिखलात बसून हसू लागला. मग त्याने आपल्या किनाऱ्याचा रिवाज सांगितला. पाण्यातून काढलेल्या माणसाकडून काही घ्यायचं नाही. पैसा नाही, वस्तू नाही, उपकाराचा शब्दही नाही. त्याने पुढे कधीतरी दुसऱ्या माणसाला पाण्यातून काढायचं. तेव्हाच फिटतं. साहेब एकोणीस वर्षांचा असताना बर्फाच्या तुफानात नावेवरून पडला होता. एका म्हाताऱ्या कोळ्याने केस धरून वर ओढला. तेव्हापासून ते देणं साहेबावर होतं.

"सोळा वर्षं होतं मायावर," तो म्हणाला. "आज फिटलं!"

त्याचं फिटलं आणि माझ्यावर चढलं!

* * *

आता वऱ्हाडात माणूस पाण्यातून काढायचा कुठून? आमच्या नद्या वर्षातले आठ महिने वाळू. विहिरीत पडतो तो सहसा वर काढण्याजोगा राहत नाही.

मी तूप नेलं. साहेबाने परत पाठवलं. ज्वारीचं पोतं नेलं, तेही परत. मग मी खांद्यावर दोर टाकून हिंडू लागलो. पूर आला की लोक पूर पाहायला जात. मी बुडणारा पाहायला जाई.

श्रावणात एक वाहती बकरी काढली. भिजलेली तशीच साहेबासमोर उभी केली.

"माणूस पाह्यजे," साहेब म्हणाला.

करीमला माझी दया आली. म्हणाला, "सोनाजी, मैं कूद जाता हूं. तू मला काढ. मामला खतम."

साहेबाने मान हलवली. "जाणून उडी घेतली त नाई चालत. पाय घसरला पाह्यजे."

भागीरथाबाई तिथेच रुई वेचत होती. "मुकादम, नदीच्या काठाले शेवाळ लावून ठेवा मंग!"

* * *

मार्गशीर्षात दोन दिवस दाट धुकं पडलं. हातातली चिलीम दिसेना. अचलपूरकडच्या गाड्या वाट चुकणार, हे नक्की. साहेब म्हणाला, आमच्या किनाऱ्यावर धुकं पडलं की धक्क्यावर घंटा वाजवतात, नावा आवाजाच्या रोखाने येतात. त्याने पितळी घंटा फाटकाला टांगली आणि पहाटेपासून एक गडी वाजवायला बसवला.

उपाय नामी होता. धुकं विरलं तेव्हा फाटकाशी सतरा गाड्या उभ्या होत्या. आणि आरतीची ताटं घेतलेल्या अकरा बाया!

साहेबाने दिवे विझू दिले नाहीत. सगळ्यांना आत घेतलं, बॅरोमीटरची आरती होऊ दिली, आणि प्रसाद म्हणून त्याच्या डब्यातली विलायती बिस्किटं वाटली. साहेबाच्या हातचं खाल्लं म्हणून त्या घरांत पुढे भांडणं झाली ती ऐकण्यासारखी नव्हती.

* * *

साहेबाला चिडलेला मी एकदाच पाहिला.

अमेरिकेत लढाई चालू होती तोवर आमच्या कापसाला सोन्याचा भाव. लढाई थांबल्याची तार आली आणि भाव कोसळला. दलालांची तोंडं उतरली. त्यांतला एक सकाळी पेढे घेऊन आला. पेढे बॅरोमीटरपुढे ठेवले, हात जोडले आणि मोठ्याने मागणं मागितलं की साहेबाच्या मुलुखात मोठं तुफान होऊ दे, अमेरिकेच्या कापसाची जहाजं बुडू दे, म्हणजे आमचा भाव चढेल.

साहेब दारात उभा राहून ऐकत होता. पुढे आला. माळ काढली. हळदकुंकू बाहीने पुसलं. बॅरोमीटर आत नेऊन खुंटीला अडकवला.

दलाल घाबरून म्हणाला, "साहेब, मी तुमाले काई नाई म्हनलं. जहाजाले म्हनलं."

साहेब म्हणाला, "जहाजात मानसं असते."

पेढे कोणी खाल्ले नाहीत.

* * *

पासष्टच्या श्रावणात पेढी पुन्हा भरली. मी दोर घेऊन वलगावला हजर. मध्यावर एक डोकं दिसलं. वर, खाली, वर, खाली. मी देवाचं नाव घेतलं आणि फास टाकला. बरोबर काखेत! पाय रोवून ओढला.

तो बाहेर आला आणि त्याने माझ्या थोबाडीत दिली!

तो अचलपूरचा पैलवान होता. पैज लावून नदी पार करत होता. अर्धी नदी कापून झाली होती. पैजेला पागोटं लावलेलं. पलीकडून लोक ओरडत होते ते त्याच्यासाठी. मला वाटलं, मदतीसाठी.

मी तरी त्याला धरून साहेबाकडे नेला. साहेबाने दोघांचं ऐकून घेतलं. कोर्टातल्यासारखा विचार केला.

"हा बुडत नोता," तो म्हणाला. "सोनाजी, उलट तूच याचं देनं लागते."

दुसऱ्या दिवशी त्याला नवं पागोटं घेऊन दिलं. ते देणं सोपं होतं.

* * *

भाव पडला तसं कंपनीने आवार बंद केलं. कार्तिकात साहेब निघाला. बापाची नाव होती, ती आता तो चालवणार होता. त्याच किनाऱ्यावर, त्याच बर्फात.

भागीरथाबाईने आमच्याच रुईची गोधडी शिवून दिली. "दोर गोठू द्या," ती म्हणाली. "तुमी नोका गोठू." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. त्या बाईच्या तोंडाला पदर लागलेला मी तेव्हाच पाहिला.

रेल्वे अजून अमरावतीला आली नव्हती. भातकुलीच्या वाटेने अकोल्याकडे जायचं, पुढे रेल्वे गाठायची. मी आणि करीम पेढीपर्यंत पोचवायला गेलो. पाणी निवळलं होतं. नदी ओलांडायच्या उतारावर गुडघाभर. उताराच्या डाव्या अंगाला एक डोह, तिथे तेवढं दोन पुरुष पाणी. तो डोह साहेबाला ठाऊक होता. बांबू टाकून त्यानेच आम्हांला दाखवला होता.

काठावर मी म्हणालो, "साहेब, माझं राहिलं."

 साहेब नदीकडे पाहत राहिला. मग त्याने गाडीवानाला थांबवलं. टोपी काढून गाडीत ठेवली. खिशातलं घड्याळ काढून टोपीत ठेवलं. कोट घडी करून वर ठेवला. बूट काढले. गाडी पुढे जाऊ दिली आणि आपण मागून चालत निघाला.

गाडी उजवीकडून उताराने गेली. साहेब डावीकडे चालत गेला.

एकदम दिसेनासा झाला. मग एक हात वर आला. हाक आली, "सोनाजी! दोर!"

दोर माझ्या खांद्यावरच होता. फास पहिल्याच फेकीत बसला. करीमने माझी कंबर धरली, मी ओढलं. साहेब भारी माणूस, तळहात सोलून निघाले. काठावर आला तो लोळला, खोकला, नाकातोंडातून पाणी काढलं.

"पाय घसरला," तो म्हणाला.

करीमने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

साहेब उठून बसला. दाढीतून पाणी गळत होतं.

"मायावर आलं आता," तो म्हणाला. "असू दे. तिकडं पानी लय हाय."

त्याने हात पुढे केला. मी सोललेल्या हाताने तो धरला.

"तुयं फिटलं, सोनाजी."

"फिटलं, साहेब."