एकाच शिवणीत

इंदू शिवायला बसायची तेव्हा आधी छाती मशीनच्या फळीवर ठेवायची आणि मग कापड. हे मी थट्टेने लिहीत नाही. तिला दुसरा इलाज नव्हता. फळीवर ठेवली नाही तर मान धरायची, ठेवली तर सुई दिसायची नाही. मग ती अंदाजाने शिवायची आणि शिवण सरळ यायची. झंपर न्यायला आलेल्या पोरी ओढणी तोंडाला लावून हसायच्या. इंदू मान वर न करता म्हणायची, "हसा. तुमची समद्यांची मापं माझ्या वहीत हायेत."

न्हावऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत. आम्ही दोघी एकाच वर्षी सुना होऊन आलो. मी दोन वर्षांनी मोठी म्हणून ती मला आक्का म्हणायची, पण त्यापलीकडे काही मान दिल्याचं आठवत नाही. तिचा नवरा तरणाताठा गेला तेव्हा तिच्या पदरात एक मुलगी होती, लता. इंदूने मशीन घेतलं आणि त्यावर लतेला वाढवलं, शिकवलं, दौंडला दिलं. जावई रेल्वेत.

इंदू माणसं झंपरावरून ओळखायची. "काखेत ढिलं मागती ती बाई घाबरट," म्हणायची, "आन् घट्ट मागून वर घट्ट झालं म्हणून भांडती तिला सून आणू ने." एखादीचं कापड चुकून वेडंवाकडं कापलं गेलं आणि ती रडायला लागली, तर इंदू दातात दोरा धरून म्हणायची, "कापड हाय, मेलं न्हाई. उसवू आन् परत शिवू." नवरा गेल्यावर लोक भेटायला आले, तेव्हा ती हेच म्हणाली होती असं माझी सासू सांगायची. मी तिथेच होते. ती काहीच म्हणाली नव्हती.

रांजणगावला कंपन्या उभ्या राहिल्या त्या सुमारास इंदूला साखर निघाली. शिरूरचा डॉक्टर म्हणाला, वजन उतरवा. तिने उतरवलं. दोन वर्षं रोज सकाळी फाट्यापर्यंत चालत गेली आणि आली. गुळाचा चहा सोडला, भात सोडला. वजन गेलं, पण कातडी जागेवर राहिली. "आतली बाई बारीक झाली," ती म्हणायची, "वरचं कापड हाय तेवढंच." पूर्वी तिचं गर्भाशय काढलं होतं. त्या टाक्यांनी ओटीपोट आवळलेलं होतं, त्यामुळे बेंबीच्या वरचं सगळं त्यावर घडी होऊन पडायचं. त्या घडीवर छाती. उन्हाळ्यात दोन्हीकडे कातडी चिघळायची. ती जुन्या धोतराच्या पट्ट्या घालून ठेवायची आणि दिवसातून चारदा बदलायची. लग्नाला जाणं सोडलं, कारण वास येतो असं तिला वाटायचं. येत होता. मी तसं सांगितलंही.

दिवसाला तीन झंपर व्हायचे ते एकावर आले. लतेने धोशा लावला, "आई, बास झालं. मशीन विक आणि दौंडला चल." इंदू दौंडला क्वार्टरमध्ये एकदा पंधरा दिवस राहून आली होती. "दार उघडलं की रेल्वे," ती म्हणाली, "आन् लावलं की टीव्ही. त्यात मी मधी बसलेली. आक्का, हे मशीन सुटलं की माझं दौंड झालं बघ." दौंडमध्ये वाईट काही नव्हतं. जावईही बरा होता. पण ज्या बाईने पन्नाशीपर्यंत कुणाला विचारून चहा केला नव्हता, तिला आता विचारून करावा लागला असता.

शिरूरला डॉक्टरांचं शिबिर झालं. तिथून तिला पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. सोबत मी गेले. तिथली डॉक्टरीणबाई लतेपेक्षा लहान दिसत होती. तपासून म्हणाली, "मावशी, छाती कमी करू. पोटाचं सहा महिन्यांनी बघू."

इंदूने विचारलं, "छातीला कापणार कुठनं?"

डॉक्टरीणबाईने छातीखालच्या वळीवरून बोट फिरवून दाखवलं.

"मग पोटाचं कातडं तिथंच वर वढून घ्या की. कटोरी झंपराला खाली पट्टी जोडतो तशी. वरचं आन् खालचं एकाच शिवणीत बसतंय. मला दोनदा कशाला उसवता?"

मी तिला कोपर मारलं. डॉक्टरीणबाई मात्र हसली नाही. तिने पोटाची घडी दोन्ही हातांनी धरून वर छातीपर्यंत नेली, खाली सोडली, परत नेली. म्हणाली, "असं ऑपरेशन असतं. सगळ्यांना चालत नाही. तुमचं जास्तीचं सगळं वरच आहे, तुम्हाला चालेल. पण मावशी, कातडी म्हणजे कापड नव्हे. कापडाला रक्त लागत नाही. एवढी कातडी सोडवून ओढली की कडेपर्यंत रक्त जेमतेम पोचतं. साखर ताब्यात हवी आणि तंबाखू बंद."

"तंबाखू न्हाई खात मी."

"मिश्री?"

इंदूने पदर तोंडाला लावला. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि सकाळी दातांना लावायची, हे आम्ही दोघी सासरी आल्यापासून करत होतो. तंबाखू खाणं वेगळं आणि मिश्री वेगळी, असं आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. डॉक्टरीणबाई म्हणाली, मिश्रीने रक्ताच्या बारीक शिरा आवळतात, ती सहा आठवडे आधी बंद. पुढे आणखी काय म्हणाली ते मी ऐकलं असेल किंवा नसेल. माझ्या डोक्यात 'आधी' एवढंच राहिलं.

गावात कळायला वेळ लागला नाही. ह्या वयात छाती कापून घेती, कुणाला दाखवायची हाय, असं चाललं. चावडीपाशी एकीने तोंडावर विचारलं. इंदू म्हणाली, "तुझ्या झंपरात एका बाजूला मी चार बोटं कापूस भरून देती, ते सांगू का हितं?" त्यानंतर आमच्या आळीत तो विषय निघाला नाही.

तिने मिश्री खरंच सोडली. सहा आठवडे तिच्याशी बोलायची सोय नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईने तिला उभी करून अंगावर पेनाने रेघा मारल्या. इंदू मान खाली घालून बघत होती. "डावी रेघ जरा खाली आलीय," म्हणाली. डॉक्टरीणबाईने टेप लावून पाहिली, पुसली आणि पुन्हा मारली.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार कलल्यावर संपलं. दोन्ही कामं एकाच वेळी झाली. दोन बाजूंना नळ्या, वर घट्ट पट्टा, हात वर करायचे नाहीत, ताठ ताणून झोपायचं नाही. लता दौंडहून गाडीने डबा घेऊन यायची आणि मी तिथेच राहायचे. तीन दिवस इंदूचं पोट साफ झालं नाही. जोर लावावा तर टाके ओढायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आक्का, चिमूटभर असंल का? त्याबगर पोट हलायचं न्हाई."

माझी मिश्रीची डबी कमरेला होतीच.

"आता काय, ऑपरेशन झालं की," मी म्हणाले.

"तसं म्हंतीस?" म्हणाली आणि बोट पुढे केलं. मी तीन दिवस देत राहिले, सकाळी आणि जेवणानंतर.

सहाव्या दिवशी पट्टी काढली तर दोन्ही छात्यांच्या मधोमध, जिथे शिवण सगळ्यात जास्त ओढलेली होती, तिथे रुपयाएवढी कातडी काळी पडली होती. डॉक्टरीणबाईने वाकून बघितलं आणि विचारलं, "मिश्री लावलीत?"

"व्हय."

"कुणी दिली?"

"कोण देतंय? घरनंच आणली व्हती. उशीखाली ठिवली व्हती."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. हातात तिचं पाण्याचं भांडं होतं. मी डबी कमरेत आणखी आत खोचली. लता शेजारीच होती, ती आईला नको नको ते बोलली. एवढं सगळ्यांनी केलं आणि तू चोरून मिश्री लावतेस, तुझ्यावर भरवसा कसा ठेवायचा. 

मेलेली कातडी कापून काढली. तिथे खळगा राहिला आणि तो आतून भरून यायला दोन महिने लागले. गावच्या दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं, तशी पट्टी मी रोज बदलायचे. मिश्रीचं आम्ही दोघी बोललो नाही. ती फक्त म्हणायची, "हात हलका ठिव. गोधडी शिवत न्हाईस."

शेवटच्या तपासणीला लताही आली होती. तिने टेम्पो सांगून ठेवला होता, मशीन आणि सामान दौंडला न्यायला. डॉक्टरीणबाई म्हणाली, जखम भरली, आता मशीनवर बसा. लता म्हणाली, "मॅडम, ही एकटी राहिली तर परत लपवून काहीतरी करेल. मी नेते हिला."

 इंदू खोटं बोलून बसली होती आणि आता त्या खोट्यावरून तिचं घर जात होतं. तरी तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हणाले, "तिनं लपवली न्हवती. मी दिली. तीन दिवस दिली."

लता म्हणाली, "मावशी, तुमी?"

डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होती. लिहिता लिहिता मला म्हणाली, "मावशी, तुमचे काळे दात मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. हिच्याबरोबर तुम्हालाही बसवून सांगायला हवं होतं. ते माझं राहिलं."

लतेने टेम्पो रद्द केला. आईला म्हणाली, "मग न्हावऱ्यातच राहा, मावशीच्या भरवशावर." मला काही म्हणाली नाही. पुढे वर्षभर म्हणाली नाही.

येताना एसटीत शिक्रापूर मागे पडल्यावर इंदूने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "येवढं चांगलं खोटं बोलले व्हते मी. वाया घालवलंस." थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या तुझं ते हिरवं कापड दे. आधी त्येच शिवायला घेते."

त्यानंतर आठ वर्षं ती त्या मशीनवर बसली. ताठ, आणि सुई बघून. लग्नांना जायची, पहिल्या पंगतीला बसायची. दौंडला दिवाळीत चार दिवस जायची आणि पाचव्या दिवशी तिची पिशवी आमच्या ओट्यावर असायची. मी मिश्री सोडली का, तर सहा महिने सोडली आणि परत धरली. पण आता मला पायाच्या दुखण्याला डॉक्टरकडे नेलं तरी मी आधी मिश्रीचं सांगते, मग पायाचं.

एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि आठवड्यात ती गेली. आंघोळ घालायला आम्ही चौघी होतो, त्यात लता. भरल्यापासून तिने आईची ती जखम पाहिली नव्हती. ह्या काखेपासून त्या काखेपर्यंत छातीखालून एक बारीक रेघ, निरखून बघावी लागेल इतकी बारीक, आणि मधोमध जाड, पांढरट, वेडावाकडा डाग. लतेने त्या रेघेवरून हात नेला आणि मधे थांबवला.

"शिवण तर चांगली आलीय," ती म्हणाली. "मग हे मधलं, ते काळं पडलेलं तेव्हाचं का?"

"रेघ डॉक्टरीणबाईची," मी म्हणाले. "तो डाग माझा."

तिने तांब्या माझ्या हातात दिला. मी पाणी घातलं.