जिवंत भावाचं श्राद्ध

गेल्या भाद्रपदात, सर्वपित्रीच्या सकाळी, माझी वाचा बसली. गुरुजी घरी आले होते, पाट मांडलेला, बोटात दर्भ. वडील, आजोबा, आई, सगळ्यांची नावं नीट घेतली. पुढचं नाव थोरल्या भावाचं, शंकर. ते काही केल्या तोंडातून फुटेना. घसा खाकरला, पाणी प्यालो. बायकोला वाटलं अर्धांगाचा झटका आला, ती फोनकडे धावली. तिला म्हटलं, "थांब, काही झालं नाही." म्हणजे बोलता येत होतं, फक्त ते एक नाव घेता येत नव्हतं. जवळजवळ तीस वर्षं मी ते बिनदिक्कत घेत आलो होतो. मला कारण ठाऊक होतं. दादा मेल्याचं मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही मूळचे चिंचवड गावठाणातले. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, भोसरीच्या एका वर्कशॉपात टर्नर. वडील लवकर गेले. दादानंच मला मारूनमुटकून आयटीआयला घातलं आणि ओळख काढून कंपनीत चिकटवलं. मग तो केनियात, एका साखर कारखान्यात फिटर म्हणून गेला. पत्रं नेमानं यायची. आईला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचो. पाचव्या वर्षी जे पत्र आलं ते मात्र मी तिला वाचून दाखवलं नाही. दादानं तिथल्याच एका बाईशी लग्न केलं होतं, मुलगी झाली होती, दिवाळीला तिघं येणार होते. "आईला तू समजावून ठेव," असं लिहिलं होतं. सोबत फोटो होता. बाई तोंडभर हसत होती आणि दादाच्या कडेवर लेक होती. माझा नुकताच साखरपुडा झालेला. अशी काळी वहिनी दारात आली तर भावकी काय म्हणेल, सासरे मुलगी देतील का, एवढंच माझ्या डोक्यात आलं. लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. मी तो फोटो चुलीत घातला आणि दादाला कळवलं, की तुझं ऐकून आईनं हाय खाल्ली आणि ती गेली, आता इकडे तोंड दाखवू नकोस. हे लिहिलं तेव्हा आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

त्यानंतर आई आठ वर्षं जगली. पोस्टमन दिसला की उंबऱ्यापर्यंत यायची. "माझ्या शंकरचं काय रे?" मी म्हणायचो, "काही नाही आलं." ते खोटंही नव्हतं, कारण दादानं परत लिहिलंच नाही. आई त्याची वाट बघतच गेली. पुढे दादा परागंदा होऊन बारा वर्षं उलटली तेव्हा भावकीतल्या जाणत्यांनी विषय काढला, की आता रीतीप्रमाणे पालाशविधी करून टाक. म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. नको म्हणायला हवं होतं. पण एकदा का तो पुतळा जळला की पुन्हा कुणी विचारणार नाही, हा हिशोब मी केला. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.

हे सगळं मी त्या सकाळी, पाटावर बसल्याबसल्या, गुरुजींना सांगून टाकलं. बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "एकदा माझ्या बापाला विचारून तर बघायचं होतंत. तुम्ही सगळ्यांनाच आपल्यासारखं धरता." आणि आत निघून गेली. गुरुजींनी दर्भ काढून ठेवायला सांगितला. मी विचारलं, "याला प्रायश्चित्त काय?" ते म्हणाले, "ते मागाहून बघू. आधी माणूस आहे का ते बघा. मोरया तुमच्या वतीनं पत्र लिहायला बसणार नाही."

त्या दिवशी मोरयाच्या देवळात गेलो, पण मागायला तोंड नव्हतं. रोज जाणारा माणूस मी. चाळीस वर्षांत प्रमोशन मागितलं, मुलींना स्थळं मागितली, गुडघ्याला आराम मागितला. दादाला सांभाळ असं एकदाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी काही न मागता नुसता उभा राहिलो. "आता तूच बघ" एवढंसुद्धा मोठ्यानं म्हणवेना. घरी येऊन देव्हाऱ्यातलं आसन उचललं. दादाचं ते पत्र तिथं ठेवलेलं होतं. फोटो जाळला तरी पत्र जाळायची छाती झाली नव्हती. त्यावर कारखान्याचा पत्ता होता, किसुमू गावाजवळचा. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर आता कुणाला शोधायचं?

आणि तेव्हा मला बी विंगमधली ती मुलगी आठवली. आता इथं माझी दुसरी लाज सांगितली पाहिजे. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी एका मालकानं नर्सिंग शिकणाऱ्या दोन आफ्रिकन मुलींना फ्लॅट भाड्यानं दिला, तेव्हा मीटिंगमध्ये सर्वांत मोठा आवाज माझा होता. "सोसायटीचं वातावरण" वगैरे बरंच बोललो. मालक बधला नाही म्हणून त्या राहिल्या, एवढंच. त्यानंतर लिफ्टमध्ये त्या असल्या तर मी जिन्यानं जायचो, दुखऱ्या गुडघ्यानं.

दोघींतली एक एव्हाना गेली होती, ही एकटीच उरली होती. तिची बेल वाजवली. तिचं नाव आकिन्यी, हे मला दारावरची पाटी वाचून कळलं. मला बघताच ती घाईनं म्हणाली, "अंकल, आज गाना नहीं लगाया." मी पत्र पुढं केलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणालो, "मदत चाहिए." तिनं पत्त्यावर बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, परत पत्त्याकडे पाहिलं. "अंकल, ये तो मेरे घर के पास है. मेरी मम्मी उधर ही है." मग तिनं मला आत बोलावून खुर्ची दिली, चहा केला. मी सगळं सांगितलं, चुलीतल्या फोटोचंही. तिचा चेहरा उतरला. वाटलं, आता ऊठ म्हणेल, आणि तेच रास्त होतं. पण ती हळूच म्हणाली, "मेरी दादी को भी कोई ऐसा बोलता तो..." आणि वाक्य अर्धवट सोडून तिनं पत्राचा फोटो काढून आईला पाठवला. रविवारी तिच्या आईच्या चर्चमध्ये सगळ्यांना विचारलं गेलं, की कारखान्यातला म्हातारा इंडियन फिटर कुणाला ठाऊक आहे का? तीन हात वर झाले म्हणे.

मंगळवारी संध्याकाळी आकिन्यी आमच्या घरी आली, बायकोजवळ बसली आणि तिनं फोन लावला. पडद्यावर खुर्चीत बसलेला एक सुकलेला म्हातारा दिसला. पाठीमागे फोटोतली तीच बाई, आता पांढऱ्या केसांची. फोन धरलेला हात बहुधा लेकीचा असावा.

"धाकल्या? व्हय रं, तूच का?"

आमच्या घरातून कधीच गेलेली भाषा त्याच्या तोंडी तशीच होती. मी नमस्कारसुद्धा केला नाही. म्हटलं, आता थांबलो तर पुन्हा जमणार नाही. "दादा, मी लिहिलं तेव्हा आई गेली नव्हती."

तो खुर्चीतून पुढं सरकला. "मग कवा गेली?"

"आठ वर्षांनी."

"माझं नाव काडायची?"

"रोज."

त्यानं चष्मा काढला आणि तोंडावर हात धरला. लेक त्यांच्या भाषेत काहीतरी विचारत राहिली. मी पुतळ्याचंही सांगून टाकलं.

"मंजी मी मेलोय व्हय!" तो म्हणाला. "आन् पानात काय वाडायचा?"

"खीर, वडे, कारल्याची भाजी."

"कारलं? आरं, मेल्यावर बी त्यातनं सुटका न्हाई का माझी!" तो हसला, हसता हसता रडायला लागला, आणि इकडे बायकोनं पदर डोळ्याला लावला. मग त्यानं डोळे पुसून चष्मा चढवला. "तिथी सांग."

"कसली?"

"आईची. तू लिवलेल्या दिवशी मी हितं पान वाडत आलोय. आठ वर्सं जित्या आईला वाडलं, ते तुझ्या माथी. आता खरी तिथी सांग."

मी सांगितली. माघ वद्य पंचमी. त्यानं लेकीकडून कागद मागून स्वतःच्या हातानं लिहून घेतली.

हे देवानं केलं का, असं मला कुणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. माझं नाक खाली करून मला योग्य दारात उभं केलं गेलं, एवढं खरं. आकिन्यीची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "अंकल, लिफ्ट से आया करो." या माघात आईच्या तिथीला दादा तिकडे पाटावर बसला, गुरुजींनी इथून फोनवर मंत्र सांगितले. थोरला मुलगा असताना आजवर मी अडवलेली ती जागा मी सोडली आणि बाजूला, भिंतीशी बसून राहिलो. माफ केलं असं दादा अजून म्हणालेला नाही. मी विचारलेलंही नाही, ते त्याच्यावर आणि मोरयावर सोपवलंय. सगळं आटोपल्यावर त्यानं फोनमधून माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "सकाळधरनं उपाशी असशील. जेव आता, धाकल्या."