अडकलेली मोटर

माझ्या पहिल्या यंत्राने औषधांच्या कारखान्यातल्या मॅनेजरच्या तोंडावर गोळ्या फेकल्या, आणि नोकरी भलत्याचीच गेली. इतकी वर्षं मी हा किस्सा हसत सांगत आलो. आज हसणं गाळून सांगतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही गोळ्या मोजायचं यंत्र बनवत होतो. तबकडी फिरायची, गोळ्या एकेक करून बाटलीत पडायच्या, मायक्रोकंट्रोलर त्या मोजायचा आणि आकडा भरला की मोटर थांबवायचा. सर्किट माझं होतं. डिप्लोमा करून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि मला शिंगं फुटली होती.

सोल्डरिंगला एक काका होते. पन्नाशीचे, मालवणकडचे. गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल तिथे रोजावर राबून आमच्याकडे आलेले. दसऱ्याला मालक त्यांना कायम करणार होते आणि ही बातमी जोगेश्वरीला त्यांच्या चाळीत कधीच पोचली होती. त्यांची एक सवय मला किळसवाणी वाटायची. बोट जिभेला लावून ते बोर्डावरच्या पार्टला टेकवायचे आणि किती तापलाय ते सांगायचे.

मायक्रोकंट्रोलर मोटर चालवू शकत नाही, त्याच्यात तेवढा दमच नसतो. तो फक्त हुकूम सोडतो; ओझं उचलतो तो मधला ट्रान्झिस्टर. तो केवढा घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. मी फिरत्या मोटरला मीटर लावला, करंट मोजला आणि त्याच्या दीडपट झेपेल असा एसएल हंड्रेड निवडला. शेंगदाण्याएवढा, चकचकीत टोपीचा. बोर्डावर फार देखणा दिसायचा.

काकांनी बोट टेकवलं. "ह्यो लहान पडतलो रे बाबा," ते म्हणाले. "तू चलती मोटार मोजलंस. अडाकलेली कोण मोजतलो? अडाकली की ती चौपट करंट खाता. मोठो घाल, पाठीक पत्रो लाव."

ते बरोबर बोलत होते आणि ते मला तिथल्या तिथे कळलं. म्हणूनच मी चिडलो. "काका, ही गिरणी नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "थुंकी लावून इलेक्ट्रॉनिक्स होत नसतं." गाळा खदखदून हसला. काकाही थोडं हसले, आणि मला त्याची फार मजा वाटली.

दसऱ्याला काकांनी घरून झेंडूचा जाडजूड हार आणला आणि यंत्राला पुढून मागून गुंडाळला. पूजलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही, ही त्यांची गिरणीतली रीत. पूजेच्या ताटात मालकांनी त्यांचं कायम केल्याचं पत्र ठेवलं होतं, कागदावर कुंकवाचं बोट उमटलेलं. तेवढ्यात आमचं यंत्र घेणाऱ्या औषधांच्या कारखान्याचा तो मॅनेजर आला. मालक म्हणाले, "चालवून दाखवा, चांगला मुहूर्त आहे."

"आज चालवूचा नाय," काका पुटपुटले. मालकांनी नुसतं पाहिलं. संध्याकाळपर्यंत पूजेचा हार उतरवायचा नाही, म्हणून काकांनी तो काढला नाही, तबकडीपासून बाजूला सारला फक्त. मी बटण दाबलं.

पाच-सहा गोळ्या नीट पडल्या. मग हार घसरला, त्याचा दोरा मोटरच्या दांड्याला गुंडाळला गेला आणि तबकडी कण्हत थांबली. जळका वास आला. मी हार ओढून तोडला आणि मोटर सुटली ती सुटलीच. ट्रान्झिस्टर जळून आतून एकजीव झाला होता. आता मायक्रोकंट्रोलरने लाख थांब म्हटलं तरी ऐकणार कोण? मॅनेजरच्या चष्म्यावर, शर्टावर पांढऱ्या गोळ्या ताडताड बसल्या. मी प्लग उपटेपर्यंत तबकडी रिकामी झाली होती.

मालकांनी मला एकच विचारलं, "हारामुळेच ना?"

मोटर हारामुळे अडकली होती. पण अडकलेल्या मोटरने काहीही जळायला नको होतं. तबकडीत एखादी गोळी आडवी बसली असती तरी हेच झालं असतं. हे त्या गाळ्यात दोघांनाच ठाऊक होतं. काका माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो. "यांना कितीदा सांगितलं, ही गिरणी नाही."

मालकांनी ताटातलं पत्र उचललं, कुंकवासकट फाडलं आणि काकांना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." काका खाली बसून जमिनीवरच्या गोळ्या वेचू लागले. मला त्यांची कीव आली असेल, असं वाटतं ना? नाही आली. सुटलो, एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मोठा ट्रान्झिस्टर घातला, उष्णता ओढून घ्यायला पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा लावला आणि तबकडी हाताने घट्ट धरून ठेवली. काही जळलं नाही. मालकांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटू दिली.

चार दिवसांनी काका आपला स्क्रूड्रायव्हर न्यायला आले. "राहिलंय का अजून काही?" मी मान वर न करता विचारलं. ते टेबलाशी थांबले. बोर्डाकडे बघितलं, मग पत्र्याकडे. मी तबकडी अडकवूनच ठेवली होती, चाचणी चालू होती. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि ट्रान्झिस्टरवर टेकवलं.

"थंड आसा," ते म्हणाले. "आता चलात."

आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घालून ते जिना उतरले.