न खाल्लेली जिलबी

उत्तरेश्वर सुरवसेला माणसांचा तिटकारा होता आणि माणसं वाहून नेणं हाच त्याचा धंदा होता. रोज सकाळी कात्रजहून तो एका कंपनीची बस काढायचा आणि नवले पूल, वारजे, चांदणी चौक करत हिंजवडीच्या फाटकात नेऊन रिकामी करायचा. बसमधली पोरं कानात बोंडं खुपसून, तोंड उघडं टाकून झोपायची. कोंबड्यांचा टेम्पो आणि ही बस यांत त्याला एकच फरक दिसे : कोंबड्या निदान ओरडतात.

कळंबकडून तो या शहरात आला तेव्हा दुधाचा टँकर चालवायचा. दूध त्याला माणसांपेक्षा बरं वाटे. ते मागून हाका मारत नाही, एसी वाढवा म्हणत नाही. पण बसचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, म्हणून त्यानं माणसं पत्करली.

दहाएक वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला, तोही त्यानं तुच्छतेनंच घेतला. चहातली साखर त्या दिवशी सुटली ती सुटलीच. दसऱ्याला श्रीखंड-पुरी हाणून वर एक गोळी टाकणाऱ्या ड्रायव्हरांकडे तो असा बघायचा, जसा एखादा पैलवान बघ्यांकडे बघतो. साखर त्यानं ताब्यात ठेवली होती. निदान तसा त्याचा समज होता.

मग डावा खांदा धरला. पडणं नाही, झडणं नाही. एक दिवस मागचा आरसा सारखा करायला हात उचलला आणि खांद्याच्या वाटीत कुणीतरी गंजका खिळा फिरवल्यासारखं झालं. गिअर डाव्या हाताला. भूमकर चौकात गाडी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात, अशी तासभर रांगते. प्रत्येक वेळी खिळा एक आटा आत जायचा. रात्री त्या कुशीवर झोपता येईना, उताणं झोपलं तरी ठणका थांबेना. उत्तरेश्वर ओठ आवळून गाडी हाकत राहिला.

तो बोलला नाही, याला कारण होतं. बद्रीनाथ नावाच्या ड्रायव्हरनं एकदा मनगट दुखतं म्हणून सांगितलं होतं. गाड्यांच्या ठेकेदारानं त्याला लगेच स्टिअरिंगवरून उतरवला. आता बद्रीनाथ डेपोच्या फाटकावर निळी टोपी घालून बसतो आणि आत येणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकतो. उत्तरेश्वर रोज त्या सलामासमोरून बस काढी आणि मान वळवत नसे. हात दुखला की माणूस वॉचमन होतो, एवढं त्याला पुरेसं कळलं होतं.

खांदा कुणाला दिसत नव्हता. दिसत होती ती साखर. त्याची बायको चंद्रभागा दर रविवारी त्याचं बोट टोचायची.

"दोनशे ऐंशी," ती म्हणाली. "उपाशीपोटी. काय खाल्लंत?"

"तू दिलंस ते."

"मी दिल्यानं दोनशे ऐंशी होत नाही. बाहेर काय खाल्लंत?"

"धूर."

मुलगी चैताली मोबाइल घेऊन आली. बाणेरला एका हॉस्पिटलच्या काउंटरवर ती नोकरी करायची, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीचा आलेख काढायची तिला खोड होती.

"पप्पा, हे बघा ना. प्रॉपर वर चाललंय. तुम्ही काहीही म्हणा, डेटा खोटं बोलत नाही."

"मग डेटालाच भाकरी वाढ," उत्तरेश्वर म्हणाला, "माझी राहू दे."

भाकरी त्यानं खरोखरच राहू दिली. वार्षिक तपासणी जवळ आली होती आणि ठेकेदाराचा मॅनेजर राजस यानं मागच्याच वेळी बजावलं होतं : साखर वाढलेली आली तर ती उतरेपर्यंत गाडी दुसऱ्याला. राजस तिशीतला, कोथरूडचा, बोलायला गोड. कुणाची नोकरी घालवताना त्याच्या तोंडून 'काका' हा शब्द आधी येतो. उत्तरेश्वरनं भाकरी अर्धी केली, भात सोडला, कारल्याचा रस नाक न दाबता प्यायला. पुढच्या रविवारी तीनशे निघाली. त्यानं मशीन आपटलं. चंद्रभागेनं गुळाचा डबा कुलपात घातला, पँटचे खिसे उलटे करून हुंगले. काही सापडलं नाही, त्यामुळे तिचा संशय आणखी पक्का झाला.

त्या रविवारी टोचून झाल्यावर तो खुर्चीत बसला होता. उजवा हात नकळत डाव्या खांद्यावर गेला आणि दाबत राहिला.

"तो खांदा काय धरून बसलाय?" चंद्रभागेनं विचारलं.

हात झटक्यात खाली आला. त्या झटक्यानं डोळ्यांत पाणी तरळलं. ती जवळ येऊ लागली. अजून एक प्रश्न आणि सगळं उघडं पडणार. कोपऱ्यात सापडलेला माणूस हाताला येईल ते फेकतो. उत्तरेश्वरच्या हाताला जिलबी आली.

"खाल्ली," तो म्हणाला.

"काय?"

"जिलबी. कात्रज चौकात. रोज खातो."

"रोज? किती?"

थोडी सांगितली तर तीनशेला पुरणार नाही, असा त्यानं हिशेब केला. "पाव किलो."

लहानपणापासून त्याला जिलबीची शिसारी होती. पण चंद्रभागेचा चेहरा चोरीचा माल सापडलेल्या हवालदारासारखा उजळला. खांदा ती विसरून गेली. उत्तरेश्वरला वाटलं, सुटलो. गोड खाणारा ड्रायव्हर हा ड्रायव्हरच असतो. त्याला फार तर ओरडतात, चार दिवस घरी बसवतात; फाटकावर बसवत नाहीत.

पण तो चंद्रभागेला ओळखून नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं राजसला फोन करून नवऱ्याचे पराक्रम ऐकवले, आणि मग थेट कात्रज चौकात जाऊन जिलबीवाल्याला झाडला. तो बिचारा उत्तरेश्वरला ओळखतही नव्हता. राजसनं ड्रायव्हर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'सुरवसे काकांना कुणीही गोड देऊ नये,' आणि शेवटी हात जोडले.

त्या दिवसापासून डेपोत त्याचं नाव बदललं.

"काय जिलबीशेठ," भैरू म्हणायचा. भैरू लोणी काळभोरची गाडी चालवायचा आणि स्वतः सकाळी चार पेढे खाऊन निघायचा. "आज पाकातली का कोरडी?"

"तुझ्या तेराव्याची राखून ठेवलीय," उत्तरेश्वर म्हणायचा.

सगळे हसायचे. तो हसायचा नाही. दाढेत दाढ घट्ट बसायची, कानशिलं तापायची, आणि तसाच तो गाडीवर चढायचा. आपण न केलेल्या चोरीची शिक्षा स्वतःच मागून घेतली, हे त्याला कळत होतं. स्वतःचा इतका तिटकारा त्याला कधी आला नव्हता, आणि हा एकच तिटकारा त्याला मिरवता येत नव्हता. अपमान, ठणका, तुटलेली झोप, अर्धी भाकरी, आणि रोज पुढ्यात वाकडच्या चौकातली गाड्यांची न हलणारी रांग. रविवारी मशीननं तीनशे चाळीस दाखवली.

"अजून खाताय!" चंद्रभागा किंचाळली.

त्यानं टोचलेलं बोट पँटला पुसलं.

तपासणी डेपोतच होती. पत्र्याच्या केबिनमध्ये एक टेबल, एक खुर्ची आणि साठीच्या डॉक्टरीणबाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याचा कंटाळा येण्याची त्यांची हातोटी उत्तरेश्वरला आवडली. बाहेर राजस उभा होता.

"तीनशे बावन्न," बाई म्हणाल्या. "गोड खाता असं मॅनेजर म्हणतात."

"खातो."

"छान. शर्ट काढा, छाती बघू."

त्यानं बटणं काढली, आधी उजवा हात सोडवला, मग शर्ट डाव्या हातावरून हळूच घसरू दिला. महिनोन्‌महिने घोटलेली ही कसरत होती. घरात ती कुणाच्या नजरेत भरली नव्हती.

"घाला परत," बाई म्हणाल्या.

"आँ?"

"शर्ट. घाला आणि पुन्हा काढा."

त्यानं घातला, काढला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"दोन्ही हात वर करा."

उजवा छताकडे गेला. डावा छातीपर्यंत येऊन थांबला. उत्तरेश्वरनं दात आवळून तो आणखी इंचभर रेटला आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला, तसा त्यानं फक्त चाकाखाली आलेल्या कुत्र्याचा ऐकला होता.

"बरं," बाई म्हणाल्या. "जिलबी कुठली?"

"कात्रज चौकातली."

"तुपातली का तेलातली?"

तो शर्टाची बाही उलटी-सुलटी करू लागला.

"रोज पाव किलो खाणाऱ्याला एवढं ठाऊक असतं हो. कधीपासून दुखतोय?"

"सहा महिने झाले असतील. पण त्याचा काय संबंध? साखर तोंडातून जाते. खांद्यातून जात नाही."

"न खाताही वाढते. दुखणं चालू असलं की शरीराला वाटतं, कुणीतरी मारायला आलंय. पळायला बळ हवं म्हणून लिव्हर आपली कोठारं उघडतं आणि साखर रक्तात सोडतं. तुम्ही पळता कुठं? तुम्ही सीटवर बसून राहता. ती तशीच फिरत राहते. त्यात झोप नाही, त्यात नोकरीची धास्ती, त्यात तुमचा हा स्वभाव. सगळी खांद्यानंच वाढवली असं मी म्हणत नाही, गोळ्याही जुन्या झाल्यात. पण खांद्याचा वाटा मोठा आहे. फ्रोझन शोल्डर म्हणतात याला. मधुमेहवाल्यांना जास्तच होतो."

म्हणजे सहा महिने तोंड बंद ठेवून जे लपवलं, त्याची चुगली त्याचंच रक्त दर रविवारी करत होतं. उत्तरेश्वर पुढे वाकला.

"बाई, राजस साहेबांना खांदा सांगू नका. जिलबीच सांगा."

"का?"

"जिलबीनं मानूस ड्रायव्हर राहतो. खांद्यानं वॉचमन हुतो." रागात आणि भीतीत त्याची कळंबची बोली वर येई.

बाईंनी चष्मा काढला. "जिलबी सांगितली तर मला गोळी वाढवावी लागेल. तुम्ही जेवता किती?"

"अर्धी भाकरी."

"वाढवलेली गोळी आणि अर्धी भाकरी. साखर धाडकन खाली येईल. चांदणी चौकात डोळ्यांपुढे अंधार आला, तर मागच्या चाळीस जणांच्या घरी काय कळवू? सुरवसेंची इज्जत शाबूत आहे, असं?"

उत्तरेश्वरला ती पोरं दिसली. तोंडं उघडी, माना मागे टाकलेल्या, गळे उघडे. ती त्याला कधीच आवडली नव्हती, आताही आवडली नाहीत. पण रोज तासभर ती आपल्यासमोर गळा उघडा टाकून झोपतात, आणि जागं राहायचं काम त्याच्याकडे सोडतात, हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. त्याला त्यांचा भयंकर राग आला. इतका विश्वास टाकायला यांना सांगितलं कुणी?

"मी बाहेर काही बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. मात्र आज गाडीला हात लावायचा नाही."

त्यानं शर्ट घातला. या वेळी कसरत न करता, कण्हत. बाहेर येऊन राजससमोर उभा राहिला. भैरू आणि आणखी दोघं तिथंच होते.

"खांदा गेलाय," तो म्हणाला. "डावा. जिलबी खाल्ली नाही मी. कधीच."

"अरे यार, काका!" राजस म्हणाला. "मग कबूल कशाला केलीत?"

"तुमच्या फाटकाकडे बघून."

राजसनं फाटकाकडे पाहिलं. त्याला काही कळलं नाही. बद्रीनाथनं त्याला सलाम केला.

घरी चंद्रभागेनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे मी त्या माणसाशी उगाच भांडले?"

"उगाच नाही. सराव राहतो."

"सहा महिने! मी काय परकी होते?"

तो जेवायला बसला आणि त्यानं पूर्ण भाकरी खाल्ली.

मग बिनपगारी सुट्टीचे दिवस आले. उत्तरेश्वर रोज भिंतीशी उभा राहून डाव्या हाताची बोटं कोळ्यासारखी वर चढवी. कुठवर पोचली तिथं चैताली पेन्सिलची खूण करी. चंद्रभागा पाठीमागून हात रेटायची, तो तिच्या माहेरचा उद्धार करायचा, ती आणखी रेटायची. गोळी बाईंनी बदलली होती. ठणका कमी झाला, झोप लागू लागली आणि साखर एकेक पायरी उतरली. उत्तरेश्वरला त्याचा आनंद झाला नाही. ज्या चाकाशिवाय आपण कुणीच नाही असं त्याला वाटत होतं, त्या चाकापासून दूर बसल्यावर त्याचं रक्त सुधारत होतं. हा अपमान त्याला जिलबीपेक्षाही झोंबला.

खांदा पुरता सुटला नाही, पण बाईंनी सकाळच्या एका फेरीची परवानगी दिली. पगारही अर्धाच. दुसऱ्याच आठवड्यात, हिंजवडीला बस रिकामी करून तो खाली उतरला, तर राजस लगबगीनं आला.

"काका, भैरू आला नाही आज. त्याची संध्याकाळची फेरी मारता का? तेवढं केलंत तर वरच्यांना सांगून पूर्ण ड्युटी परत लावतो तुमची."

पूर्ण ड्युटी. उत्तरेश्वरनं डावा हात उचलून पाहिला. कानापर्यंत गेला आणि तिथं खिळा हलला.

"नाही," तो म्हणाला. "दुखतंय."

राजस थांबला. पुढे काहीतरी कारण येईल, विनवणी येईल, या अपेक्षेनं तो त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ऐकू नाही आलं का? दुखतंय म्हटलं," उत्तरेश्वर म्हणाला आणि डबा उघडून बसच्या पायरीवर बसला.