सत्तावीस इंचांचा ओटा

ईशा, निहार,

आमच्या शेजारचे चन्नप्पा कुठलीही वस्तू आधी ऐकायचे आणि मग बघायचे. नव्याने राहायला आले, त्या दिवशी ओळख करून घ्यायला आमच्याकडे आले. मी दार उघडलं, तर हे पाठमोरे उभे राहून आमच्या व्हरांड्याच्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करत होते. "बाई, हितं गिलावा सुटलाय," एवढं म्हणून मग त्यांनी नमस्कार केला. पुढच्याच महिन्यात तिथला गिलावा परातभर खाली आला. कलिंगड, मडकं, कपाट, सायकलची चौकट, सगळ्यांना ते असंच वाजवून बघत. "डोळा फसतो, आवाज फसवत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

ते मूळचे मैंदर्गीचे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलत, पण आनंद झाला की कानडीतलं 'छलो' मराठीतही यायचं. छलो म्हणजे छान. त्यांची पत्नी गौरव्वा बारीक चणीच्या, पण जिभेने दणकट. तुमच्या आईने त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली आहे आणि अजून तिची आठवण काढते. तुम्ही मात्र दोघांपैकी कुणालाच भेटला नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गौरव्वा न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण गुडघे आधीच गेलेले असल्यामुळे उभं राहणं संपलं. चाकाची खुर्ची आली. घरात डबा सुरू झाला. गौरव्वा डब्यातले दोन घास खाऊन ताट सरकवत. त्यांचा मुलगा राजशेखर पुण्याला दहाव्या मजल्यावर राहतो. मुलगा प्रेमळ आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी येऊन दोघांनाही कायमचं घेऊन जातो, असं त्याने फोनवर सांगितलं. गौरव्वा मला म्हणाल्या, "डब्याचंच खायचं तर पुणं काय आन् सोलापूर काय? जाते की. कपाट न्हेत्यात तसं न्हेतील मला."

दुसऱ्या दिवशी चन्नप्पा माझ्याकडे आले. "बाई, तुमची जाडजूड पुस्तकं द्या. वाचायला न्हाय."

मी इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे जाड पुस्तकांची कमतरता नव्हती. त्यांनी स्वयंपाकघरात माझ्या शब्दकोशांचे दोन ढीग रचले, त्यावर एक फळी टाकली आणि गौरव्वांची खुर्ची तिच्याखाली सरकवली. "थाप," म्हणाले. पीठ नाही, परात नाही; गौरव्वा रिकाम्या फळीवर भाकरी थापू लागल्या.

"खांदा वर येतोय. आजून खाली."

एकेक शब्दकोश निघाला.

"आता मांडी घासतीया. एवडं बी नको! तुमाला धड मधलं काई जमतच न्हाय व्हय?"

शेवटी दोन्ही ढिगांवर एकेक पातळसं व्याकरणाचं पुस्तक ठेवल्यावर गौरव्वांचे हात सुटे चालू लागले. मी माप वहीत लिहून घेतलं. जमिनीपासून सत्तावीस इंच. आमच्याकडचे ओटे तेहतीसचे असतात.

तीन मिस्त्र्यांना विचारलं. एक म्हणाला, बाहुल्यांचा ओटा मी करत नाही. दुसऱ्याने, खाली पाय घालायला मोकळी जागा ठेवायची तर फरशीला आधार कशाचा, असं विचारलं आणि उत्तर न ऐकताच गेला. तिसरा येतो म्हणाला आणि आला नाही. रविवारला बारा दिवस राहिले होते.

"मग मीच करतो," चन्नप्पा म्हणाले. "लोखंड माजं हाय, दगड तेवडा परका. करू की वळख."

परदेशात लोक घरच्या घरी ग्रॅनाइटचे ओटे बसवतात, त्याचे व्हिडिओ ते फोनवर बघू लागले. मी शेजारी बसून मराठीत सांगे. "ते गॉगल घाला म्हणतात," मी म्हटलं, तर स्कूटरचं हेल्मेट काच खाली करून घातलं. लोखंडी अँगलची चौकट त्यांनी दोन दिवसांत वेल्डिंग करून भिंतीत पक्की केली, पुढून सगळी मोकळी. मग आम्ही दोघं रिक्षाने अक्कलकोट रोडवरच्या दुकानात गेलो. काळ्या ग्रॅनाइटची फरशी त्यांनी वीतवीतभर अंतरावर नाण्याने वाजवली. दुकानदार कंटाळून चहा पिऊन आला, तरी हे वाजवतच होते. "एका घंटेवानी वाजतोय. छलो हाय."

कापायचं काम अंगणात झालं. ते कटर चालवत आणि मी पाइपने पात्यावर पाणी सोडत असे, कारण ती धूळ छातीत जाता कामा नये. गौरव्वा दारातून देखरेख करत. "बाई, पाणी त्येंच्या डोक्यावर पन मारा, गरम झालंय!" सिंकसाठी चौकोनी भोक पाडलं. कडा घासून गोल केल्या. बसवायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, फरशी दोन स्टुलांवर आडवी ठेवली होती आणि आम्ही तिघंही फार खूश होतो.

नव्या ओट्याची पूजा हवी, असं गौरव्वांनी सांगितलं. हळदकुंकू झालं. नारळ माझ्या हातात दिला. नारळ दगडावर फोडायचा असतो आणि दगड तर समोरच होता. मी एम. ए. झालेली, सगळी कामं वहीत टिपून करणारी बाई. मी तो नारळ फरशीच्या कडेवर आपटला.

नारळ फुटला. सिंकच्या भोकापुढची चार बोटांची पट्टीही फुटली आणि मागून आणखी एक तडा गेला. फरशीचे दोन तुकडे झाले.

गौरव्वांनी पदर तोंडाला लावला. मला मात्र रविवारी या दोघांचं सामान भरून न्यायला येणारी राजशेखरची रिकामी बॅग दिसू लागली. चन्नप्पा वाकले, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, दगडात भेग आदीच हुती. तुमी दावली म्हनून बरं झालं. न्हायतर बसवल्यावर हिच्या पायावर पडला असता की."

त्या फरशीचा प्रत्येक वीतभर तुकडा त्यांनी माझ्यासमोर वाजवला होता. ते खोटं बोलत होते. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते एकच खोटं, आणि तेही त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून, न अडखळता सांगितलं. मला रडू आलं, तेव्हा म्हणाले, "आता नारळ फुटलाच हाय तर खोबरं तरी द्या."

मग आम्ही पुन्हा व्हिडिओ लावले. एकात सापडलं, की मोठा ओटा असला तर सांधा सिंकपाशीच घेतात, म्हणजे तो कमी दिसतो. शनिवारी सकाळी त्यांनी दोन्ही तुटक्या कडा सरळ कापल्या. ओटा पाऊण इंच आखूड झाला. तेवढी सिमेंटची पट्टी भिंतीकडे भरली. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघितली, एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं माझ्या. तुकडे उभे धरून आत नेले, चौकटीवर चिकटवले आणि सांध्यात काळी लुगदी भरली.

रविवारी राजशेखर आला. "बाबा, हे पडलं तर?"

चन्नप्पा धोतर सावरून ओट्यावर चढून बसले.

"आगं बाई! उतरा आदी! ओट्यावर बसत्यात व्हय?" गौरव्वा ओरडल्या. "माजी पयली भाकरी व्हायचीया अजून!"

पहिली भाकरी तुटली. हाताची सवय गेली होती. दुसरी एका बाजूने करपली. तिसरी फुगली. राजशेखर जेवत होता. चौथ्या भाकरीला त्याने मान खाली घालूनच विचारलं, "अव्वा, शेंगाचटणी हाय का आजून?" सोमवारी तो एकटाच पुण्याला गेला.

चन्नप्पा मागच्या हिवाळ्यात गेले. हृदयाचा झटका आला आणि तीन दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर नर्सला सांगत होते की तिच्या सलाइनचा स्टँड एका पायावर लंगडतोय.

दिवसकार्य आटोपल्यावर राजशेखरने पुन्हा विषय काढला, आणि या वेळी त्याचं म्हणणं मलाही पटत होतं. एकट्या बाईने चाकाच्या खुर्चीवर कसं राहायचं? मी तसं बोललेही. गौरव्वांनी आम्हा दोघांचं ऐकून घेतलं. मग खुर्ची वळवून ओट्याखाली सरकवली, परात ओढली आणि पिठात पाणी घातलं.

"पुन्यात तू मला समदं देशील," पीठ मळत त्या मुलाला म्हणाल्या. "हितं मी देते. बस जेवायला. बाई, तुमी बी बसा."

आम्ही बसलो. आता सकाळी घरकामाला एक बाई येते, आणि राजशेखर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येतो. पुण्याला परतताना त्याच्या बॅगेत पंधरा भाकऱ्या असतात.

तुमची,
आजी