फुग्यावरून बाबांच्या गालापर्यंत

आपल्या भाषेत दाढी करणं म्हणजे ती नाहीशी करणं. ही गंमत माझ्या लक्षात आली तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती आणि मी साबणाचा फेस फासलेला एक फुगा हातात धरून मोरीत उभी होते. तोपर्यंत या विषयाशी माझा संबंध बेसिनमधल्या केसांवरून नवऱ्याला बोलण्यापुरताच होता.

याला कारण माझे बाबा. गिरणी कधीच बंद पडली, तरी पहिल्या पाळीला जायचं असल्यासारखे ते रोज सकाळी दाढी करत, आणि तीही वस्तऱ्याने. मुलुंडला आमच्याकडे राहायला आले तेव्हा बॅगेत कपडे मोजकेच होते, पण वस्तरा, तुरटी आणि वस्तरा परजायचा चामडी पट्टा धोतराच्या फडक्यात नीट गुंडाळलेले होते. पट्टा त्यांनी गॅलरीच्या ग्रिलला अडकवला, तेव्हा कुठे ते घर त्यांना आपलं वाटलं. दाढी झाली की धुतलेला शर्ट घालून ते खाली जात. पंपाच्या खोलीशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून त्यांच्यासकट चार म्हातारे मेंढीकोट खेळत आणि त्यांची भांडणं आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येत.

मग बाबांचा हात थरथरायला लागला. एका सकाळी त्यांनी वस्तरा उघडला, आरशात पाहिलं, मिटला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. त्या दिवशी ते खाली गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

"असो अवतार घेवन मी माणसांत जाव?" एवढंच म्हणाले.

सलूनचं नाव काढलं की, "तो मेलो माझी मान नारळासारखी फिरवता." नवऱ्याचं बॅटरीवर चालणारं मशीन पुढे केलं, तर त्याच्याकडे बघून, "ह्या गवताक बरा आसा."

"मग मी करते," मी म्हणाले.

"तुका जमाचा नाय गो."

हे वाक्य मी सायकल शिकताना ऐकलं होतं, इंग्रजीत एम.ए.ला नाव घालताना ऐकलं होतं आणि लग्न ठरवून घरी सांगितलं तेव्हाही ऐकलं होतं. त्यामुळे वस्तरा शिकायचा हे तिथेच नक्की झालं.

शिकायचं म्हणून व्हिडिओ बघायला बसले. वस्तऱ्याने दाढी हा आता एक संप्रदाय झालेला आहे. लाकडी भिंतींची खोली, मागे पियानो, मंद उजेड, आणि एक गृहस्थ खर्जात सांगत होते की या पात्यामुळे तुमच्यातला खरा पुरुष जागा होईल. माझ्यातला काही जागा झाला नाही. शिवाय त्या गृहस्थांची स्वतःची दाढी छातीपर्यंत आलेली होती. तरी कामाच्या गोष्टी कळल्या. कातडी ताणून धरायची, पातं जवळजवळ आडवं ठेवायचं आणि जोर अजिबात लावायचा नाही. शिकाऊ माणसाने आधी फुग्यावर हात बसवावा, हेही.

मी वाण्याकडून रोज फुगे आणू लागले. फुगा फुटला की फेस चष्म्यावर, आरशावर उडायचा आणि एकदा तर छताला गेला. वाणी शेवटी न राहवून म्हणाला, "ताई, बर्थडे तरी कुणाचा चाललाय एवढा?"

फुगे फुटायचे थांबल्यावर मी नवऱ्याकडे वळले. तो खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "विम्याचा हप्ता भरलाय ना गं आपण?"

"भरलाय. बोलू नकोस, गाल हलतो."

त्याचा एक गाल झकास झाला. दुसऱ्यावर तुरटी लावली. पुढच्या वेळी दोन्ही झकास झाले.

पण बाबा ऐकेनात. ते दिवसभर गॅलरीत बसून खाली बघत राहायचे. दाढीपेक्षा त्यांना वेगळंच काहीतरी लागलं होतं. "एकान म्हणान हाक मारूक नाय," एकदा जेवताना म्हणाले. "माणूस खाली इलो नाय, तर जिता आसा की मेलो, कोणी इचारूक नको?" मला त्या तिघांचा मनापासून राग आला.

आणि मग एका सकाळी ते तिघे दारात उभे राहिले. पांढरे शर्ट, चपला बाहेर एका ओळीत. एरवी ज्यांचे आवाज तिसऱ्या मजल्यावर येतात, ते कुजबुजत होते. सगळ्यात उंच असलेले गुरुजी, निवृत्त शिक्षक, माझ्याकडे बघून म्हणाले, "धीर धर, पोरी."

बाबांच्या हाताबद्दल असेल, असं मला वाटलं. मी चहा ठेवते म्हटलं, तर तिघेही दचकले. "नको, नको. आज चहा नको."

सगळे बसले. शेवटी गुरुजींनी घसा खाकरला. "वय काय होतं?"

"कोणाचा?" बाबांनी विचारलं.

"जे गेले त्यांचं."

"कोण गेलो?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठेंगणे काका, जे पूर्वी बसवर कंडक्टर होते, ते चाचरत म्हणाले, "मग ही दाढी? खालून गॅलरीत दिसायचास ना तू. आम्ही म्हटलं, सुतक आहे. तेराव्यापर्यंत हाक मारायची नाही असं ठरवलं. तेरावा उलटला तरी दाढी तशीच, म्हणून आज आलो."

आता चहा का नको ते मला कळलं. सुतकाच्या घरात तो घेत नाहीत.

बाबांचं पोट हलायला लागलं, खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मेल्यांनु! माका सुतकात बसवलास! मी जितो आसंय रे!" मग माझ्याकडे वळून ओरडले, "बघतंस काय? वस्तरो घेवन ये."

खुर्ची गॅलरीत उजेडात ठेवली. तिघे पंचांसारखे समोर बसले. मी फेस केला, कातडी ताणली आणि कानशिलापासून सुरुवात केली. खर्र असा बारीक आवाज येत होता.

"हात बरा आहे रे पोरीचा," कंडक्टर काका म्हणाले.

"मध्येच ब्रेक मारू नकोस म्हणजे झालं," गुरुजी म्हणाले.

गळ्याशी आल्यावर मी म्हणाले, "बाबा, आवंढा गिळू नका." चौघांनीही श्वास रोखून धरला. तिसरे काका थोडं कमी ऐकतात. मी खालून वर, उलट्या हाताने एकदा फिरवायचं म्हणून "आता उलटी करू?" असं विचारलं, तर ते घाबरून उठले. "अगं, मोरीत जा, मोरीत!" हसण्यात बाबांचा गाल हलला आणि कानाखाली एक लाल टिंब उमटलं.

"रक्त काढलं, रक्त!" गुरुजी ओरडले.

"गप ऱ्हवा," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "तिचाच आसा ता."

तुरटी फिरवून झाल्यावर त्यांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला. हनुवटीखाली एक जागा राहिली होती, ती त्यांना बरोबर सापडली. "हंयसर राहला," म्हणाले. मी ती केली. मग ते उठले, धुतलेला शर्ट घातला आणि तिघांच्या पुढे जिना उतरायला लागले.

थोड्या वेळाने मी गॅलरीतून खाली पाहिलं. पत्ते वाटून झाले होते. बाबांच्या हातातली पानं इतकी थरथरत होती की ती कुणालाही सहज दिसली असती. गुरुजी पंपाकडे बघत होते, कंडक्टर काका आभाळाकडे आणि तिसरे काका स्वतःच्या चपलांकडे. एवढं करूनही बाबा तो डाव हरले, आणि पत्ते कसे पिसलेत म्हणून त्यांनी जो आरडाओरडा केला, तो मला तिसऱ्या मजल्यावर अगदी स्वच्छ ऐकू आला.